स्टिरॉइडने हाडं ठिसूळ होतात, तेव्हा पेशीच्या आत काय घडतं

प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या की एक-दोन दिवसांतच रक्तातलं ऑस्टिओकॅल्सिन उतरतं. तेवढ्या वेळात हाडातून मोजण्याइतकं कॅल्शियम गेलेलं नसतं, हाडाची घनता मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनमध्ये काही दिसत नाही आणि दुखत तर नाहीच. ऑस्टिओकॅल्सिन हे प्रथिन मुख्यतः हाड बांधणाऱ्या पेशी, म्हणजे ऑस्टिओब्लास्ट, तयार करतात. ते उतरलं याचा अर्थ त्या पेशींमधल्या एका जनुकाचं काम मंदावलं. हाडाचं नुकसान इथून सुरू होतं.

‘स्टिरॉइडमुळे अंगातलं कॅल्शियम जातं’ असं आपल्याकडे सर्रास सांगितलं जातं आणि कॅल्शियमची गोळी लिहून दिली जाते. त्यात खोटं काही नाही. स्टिरॉइडमुळे आतड्यातून कॅल्शियम कमी शोषलं जातं आणि लघवीतून जास्त बाहेर पडतं. पण मूळ बिघाड कॅल्शियमचा नाही. हाड बांधायचं की नाही, हे ठरवणारी जनुकं स्टिरॉइड बदलून टाकतं. बांधणाऱ्या पेशीच कामावर नसतील तर पुरवलेलं कॅल्शियम बसणार कुठे? सगळा विषय या एका मुद्द्याभोवती फिरतो, म्हणून तो तपशिलात पाहू.

हाड कायम बदलत असतं

मोठ्या माणसाचं हाड दगडासारखं स्थिर नसतं. त्यात हजारो ठिकाणी एकाच वेळी दुरुस्ती चालू असते. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी जुनं हाड खणून काढतात, त्याला साधारण दोन-तीन आठवडे लागतात. मग ऑस्टिओब्लास्ट येऊन तोच खड्डा नव्या हाडाने भरतात, त्याला तीन-चार महिने लागतात. महापालिकेच्या रस्त्याचं काम डोळ्यांसमोर आणा: खणणारी टोळी झटपट येते, भरणारी सावकाश. आता भरणारी टोळी अर्धीच आली, उशिरा आली आणि लवकर निघून गेली, पण खणणाऱ्यांचं काम चालूच राहिलं, तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. स्टिरॉइड हाडात नेमकं हेच करतं.

हे बदल मणक्यांत आणि बरगड्यांत आधी दिसतात. तिथलं हाड आतून जाळीदार असतं, त्याचा पृष्ठभाग जास्त आणि दुरुस्तीही जास्त. मांडीच्या हाडाच्या दांड्याचं कवच घट्ट असतं, त्याला उशीर लागतो.

कॉर्टिसॉल आणि गोळी, दोघांचा दरवाजा एकच

मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड संप्रेरक, तयार करतात. हुकूम येतो मेंदूतून: हायपोथॅलॅमसकडून सीआरएच हे संप्रेरक, त्यावरून पिट्युटरी ग्रंथीकडून एसीटीएच हे दुसरं आणि त्यावरून ॲड्रिनलकडून कॉर्टिसॉल. सकाळी आठच्या सुमारास त्याची पातळी चढलेली असते, मध्यरात्रीच्या आसपास तळाला जाते. निरोगी माणसात ऑस्टिओकॅल्सिनचा आलेख याच्या उलटा चालतो. रात्री चढतो आणि सकाळी कॉर्टिसॉल वर गेल्यावर उतरतो. म्हणजे हाडाची पेशी या संप्रेरकाकडे रोजच कान देऊन असते, आजारपणातच देते असं नाही.

सकाळच्या रक्तात एकूण कॉर्टिसॉल साधारण १४० ते ६९० नॅनोमोल प्रति लिटर असतं, पण त्यातलं बहुतेक प्रथिनांना चिकटलेलं असतं. मोकळं, म्हणजे पेशीत शिरू शकणारं, सुमारे ५ टक्केच. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

प्रेडनिसोलोन, मिथाइलप्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, डिफ्लाझाकॉर्ट ही सगळी औषधं त्याच ग्राहीला (पेशीतलं संदेश घेणारं प्रथिन) जाऊन बसतात ज्याला कॉर्टिसॉल बसतं. ताकद मात्र वेगवेगळी. ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन म्हणजे ढोबळमानाने २० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन, ४ मिलिग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन, ६ मिलिग्रॅम डिफ्लाझाकॉर्ट किंवा ०.७५ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन. चिठ्ठीवर डेक्सामेथासोनचा आकडा छोटा दिसतो म्हणून ते सौम्य औषध आहे असं समजणं ही नेहमीची गल्लत. ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन म्हणजे सुमारे ४० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन.

पेशीत शिरल्यावर

कॉर्टिसॉल मेदात विरघळतं, त्यामुळे पेशीचं आवरण त्याला अडवत नाही. आत शिरल्यावर त्याची गाठ दोन विकरांशी, म्हणजे एन्झाइमांशी, पडते. ११-बीटा-एचएसडी-१ हे विकर निष्क्रिय कॉर्टिसोनचं पुन्हा सक्रिय कॉर्टिसॉल करतं. ११-बीटा-एचएसडी-२ याच्या उलट करतं. ऑस्टिओब्लास्टमध्ये पहिल्याचा वरचष्मा असतो आणि वय वाढेल तसं ते आणखी वाढतं. स्टिरॉइडमुळेही ते वाढतं, हा त्यातला खोडसाळ भाग. रक्तातली पातळी सारखी असूनही साठीतल्या माणसाच्या हाडाच्या पेशीला तिशीतल्यापेक्षा जास्त मार बसतो, याचं एक कारण हे.

या विकरांचं महत्त्व उंदरांवर तपासलं गेलं. कॉर्टिसॉल निकामी करणारं दुसरं विकर फक्त हाडाच्या पेशींत मुद्दाम घातलेल्या उंदरांना स्टिरॉइड दिलं, तेव्हा त्यांच्या ऑस्टिओब्लास्ट आणि ऑस्टिओसाइट (हाडातच गाडल्या गेलेल्या) पेशी बऱ्याच प्रमाणात वाचल्या. म्हणजे आतडं, मूत्रपिंड, लैंगिक संप्रेरकं यांच्यामार्फत होणारे परिणाम बाजूला ठेवले तरी स्टिरॉइडचा थेट मार हाडाच्या पेशीवरच असतो.

पेशीद्रव्यात ग्लुकोकॉर्टिकॉइड ग्राही एचएसपी-९० सारख्या प्रथिनांनी धरून ठेवलेला असतो. कॉर्टिसॉल येऊन बसलं की त्याचा आकार बदलतो आणि अर्ध्या तासाच्या आत तो केंद्रकात पोचतो. तिथे डीएनएवर तो तीन प्रकारे काम करतो.

पहिल्या प्रकारात दोन ग्राही जोडीने, १५ अक्षरांच्या एका ठरावीक क्रमावर बसतात आणि शेजारचं जनुक चालू करतात. एफकेबीपी-५, गिल्झ, पर-१ ही जनुकं अशी तास-दोन तासांत चढतात. एफकेबीपी-५ चं प्रथिन परत ग्राहीलाच चिकटून त्याची धार कमी करतं, म्हणजे पेशी आपला लगाम आपणच तयार करते.

दुसऱ्या प्रकारात ग्राही अशा जागी बसतो की जनुक वाचणारी यंत्रणाच अडते. मानवी ऑस्टिओकॅल्सिनच्या जनुकात ही जागा वाचन सुरू करणाऱ्या ‘टाटा’ क्रमाला अगदी लागून, त्यावर चढलेलीच आहे. लेखाच्या सुरुवातीला जे ऑस्टिओकॅल्सिन उतरलं, त्यामागे हा एक रस्ता आहे.

तिसऱ्या प्रकारात ग्राही डीएनएला हातच लावत नाही. एकटाच जाऊन एपी-१ किंवा एनएफ-कप्पा-बी अशा दुसऱ्या प्रथिनाला धरतो आणि त्याचं काम थांबवतो. सूज कमी करण्याचं स्टिरॉइडचं गुणी काम बरंचसं याच वाटेने होतं.

बरीच वर्षं संशोधकांना वाटत होतं की चांगलं काम तिसऱ्या वाटेने आणि दुष्परिणाम पहिल्या वाटेने. मग जोडी जमू न देणारं औषध बनवलं की झालं. २०१० मध्ये या कल्पनेला मोठा धक्का बसला. ज्या उंदरांत ग्राहीची जोडी नीट जमत नाही, त्यांनाही स्टिरॉइड दिल्यावर हाडाची बांधणी मंदावलीच. एकटा ग्राही एपी-१ला दाबतो, त्यामुळे इंटरल्यूकिन-११ हे संदेशवाहक प्रथिन कमी होतं आणि ऑस्टिओब्लास्ट परिपक्वच होत नाहीत, असं त्यातून दिसलं. म्हणजे सूज उतरवणारी वाट आणि हाड थांबवणारी वाट बऱ्याच अंतरापर्यंत एकच आहे. ‘हाडाला अजिबात त्रास न देणारं स्टिरॉइड’ अशी जाहिरात दिसली तर ही गोष्ट आठवावी.

हेच कॉर्टिसॉल यकृतात साखर तयार करणारी जनुकं चालवतं आणि हाडात ऑस्टिओकॅल्सिन थांबवतं, ते कसं? डीएनए प्रत्येक पेशीत तोच असला तरी त्याचे कोणते भाग सैल आणि कोणते घट्ट गुंडाळलेले, हे पेशीगणिक वेगळं असतं. ग्राही बहुतेक वेळा आधीपासून मोकळ्या असलेल्या जागीच बसतो. संप्रेरक एकच असलं तरी काय वाचायला उघडं आहे ते पेशीने आधीच ठरवलेलं असतं.

कोणती जनुकं चढतात, कोणती उतरतात

ऑस्टिओब्लास्ट घडतो तो अस्थिमज्जेतल्या मूळ पेशीपासून. त्याच मूळ पेशीपासून चरबीची पेशीही होऊ शकते. रन्क्स-२ आणि ऑस्टेरिक्स ही नियामक प्रथिनं तिला हाडाकडे नेतात, पीपार-गॅमा चरबीकडे. स्टिरॉइडचा डोस जास्त आणि दीर्घ असेल तर पीपार-गॅमाचं पारडं जड होतं. अशा रुग्णांच्या मज्जेत चरबी वाढलेली दिसते ती यामुळे.

हाडाच्या बाजूला ढकलणारा मोठा संदेश म्हणजे डब्ल्यूएनटी. तो पेशीवरच्या एलआरपी-५ आणि एलआरपी-६ या ग्राहींना मिळाला की बीटा-कॅटेनिन हे प्रथिन केंद्रकात जातं आणि बांधणीची जनुकं चालू होतात. स्टिरॉइडमुळे डीकेके-१ आणि स्क्लेरोस्टिन ही दोन प्रथिनं वाढतात आणि दोन्ही नेमक्या या संदेशाच्या आड येतात. स्क्लेरोस्टिन मुख्यतः ऑस्टिओसाइट तयार करतात. हाडातच गाडल्या गेलेल्या या पेशी हाडातल्या एकूण पेशींपैकी ९० टक्क्यांहून अधिक असतात.

त्याच वेळी हाडाचा सांगाडा विणणाऱ्या पहिल्या प्रकारच्या कोलॅजनचं जनुक मंदावतं आणि पेशीला वाढायला सांगणारं आयजीएफ-१ कमी होतं. सोबत ऑस्टिओक्लास्टना चालना देणारं रँकेल हे प्रथिन चढतं आणि त्याला अडवणारं ओपीजी उतरतं. त्यामुळे खणणाऱ्या ऑस्टिओक्लास्टचं आयुष्य वाढतं. सुरुवातीच्या काही महिन्यांत हाड झपाट्याने जातं ते या दुहेरी माराने. पुढे खणणंही मंदावतं, पण भरणं त्याहून जास्त मंदावलेलं असतं, म्हणून तूट चालूच राहते.

आणि शेवटी पेशींचा मृत्यू. १९९८ मध्ये उंदरांवर झालेल्या अभ्यासात प्रेडनिसोलोनमुळे मणक्यांतल्या ऑस्टिओब्लास्टचं आत्मनाशाने मरण्याचं प्रमाण तिप्पट झालं होतं. ऑस्टिओसाइटही मरत होत्या. ऑस्टिओसाइट मेली की तिच्या आसपासच्या हाडातल्या सूक्ष्म भेगांची खबर देणारं कोणी उरत नाही. स्टिरॉइड घेणाऱ्याचं हाड डेक्सामध्ये ‘ठीक’ दिसत असतानाही मोडतं, त्याचं मोठं कारण इथे आहे. स्कॅन खनिज मोजतो, पेशी जिवंत आहेत का ते त्याला कळत नाही.

थोडं कॉर्टिसॉल नसेल तर हाड नीट बनत नाही

इथवर वाचून कॉर्टिसॉल हा हाडाचा वैरी वाटेल. तसं नाही. प्रयोगशाळेत मूळ पेशींपासून हाडाच्या पेशी घडवायच्या तर माध्यमात तीन गोष्टी घालतात: ॲस्कॉर्बिक आम्ल, १० मिलिमोलर बीटा-ग्लिसेरोफॉस्फेट आणि चक्क डेक्सामेथासोन, बहुधा १० ते १०० नॅनोमोलर (म्हणजे नॅनोमोल प्रति लिटर). सुमारे २१ दिवसांनी ॲलिझरिन रेडने रंगवलं की खनिजाचे लाल ठिपके दिसतात. मानवी पेशींत डेक्सामेथासोन वगळलं तर अनेकदा ठिपके फारच कमी येतात. ज्या उंदरांच्या हाडाच्या पेशींत कॉर्टिसॉल निकामी करणारं विकर घातलं होतं, त्यांच्या पिल्लांची कवटीही उशिरा घडली. कमी मात्रेत कॉर्टिसॉल ऑस्टिओब्लास्टकडून डब्ल्यूएनटी तयार करवून घेतं, जास्त मात्रेत तोच संदेश बंद पाडतं.

प्रयोग परस्परविरोधी वाटतात ते बरेचदा यामुळे. मघाचा ५ टक्क्यांचा आकडा घ्या: सकाळचं मोकळं कॉर्टिसॉल म्हणजे ढोबळपणे ७ ते ३५ नॅनोमोलर. डेक्सामेथासोन त्याच्या साधारण २५ पट ताकदीचं. म्हणजे ताटलीतलं १०० नॅनोमोलर डेक्सामेथासोन हे २,५०० नॅनोमोलर मोकळ्या कॉर्टिसॉलच्या तोडीचं, शरीरातल्या पातळीच्या जवळपास शंभरपट. अशा प्रयोगावरून ‘ताणाने हाडांची जनुकं बंद पडतात’ असा मथळा कोणी दिला तर आधी मात्रा पाहावी.

ज्यांना हे प्रयोग स्वतः करायचे आहेत, त्यांच्यासाठी चार गोष्टी. गाईच्या गर्भाचं सीरम वापरत असाल तर त्यात मुळातच स्टिरॉइड असतात. कोळशातून गाळलेलं सीरम घेऊन पेशी किमान रात्रभर त्यात ठेवा, नाहीतर ‘स्टिरॉइड न दिलेल्या’ गटालाही स्टिरॉइड मिळालेलं असतं. डेक्सामेथासोन इथेनॉलमध्ये विरघळवलं असेल तर तुलनेच्या गटालाही तेवढंच इथेनॉल द्या. आरएनए एकाच वेळी काढू नका. १, ४ आणि २४ तास असे किमान तीन टप्पे ठेवा, कारण एफकेबीपी-५ पहिल्या टप्प्यात बोलतं आणि कोलॅजनचा बदल दिसायला दिवस लागतो. एफकेबीपी-५ हललंच नाही तर औषध पोचलं नाही असं समजून पुढचे आकडे वाचू नका. आणि परिणाम खरोखर या ग्राहीमार्फत आहे का, हे मिफेप्रिस्टोनने ग्राही अडवून तपासा. जीएपीडीएचसारखं संदर्भ-जनुक, म्हणजे ज्याच्याशी बाकीच्यांची तुलना करतात ते, स्टिरॉइडने स्वतःच हलू शकतं. दोन-तीन संदर्भ-जनुकं तपासून जे स्थिर राहील ते घ्या.

मग रोजच्या ताणाचं काय

परीक्षा, मुलाखत, साहेबांशी वादावादी यांनी कॉर्टिसॉल चढतं आणि तास-दोन तासांत उतरतं. पेशीला हे चढ-उतार सवयीचे आहेत. हाड खाणारं कॉर्टिसॉल म्हणजे महिनोन्‌महिने उतरायचं नावच न घेणारं. याचं टोकाचं रूप म्हणजे कुशिंग सिंड्रोम. हार्वी कुशिंग यांनी १९३२ मध्ये त्याचं वर्णन केलं तेव्हाच हाडं ठिसूळ होणं त्यात नोंदलेलं होतं. त्याहून सौम्य प्रकार म्हणजे ॲड्रिनलमध्ये योगायोगाने सापडलेली, थोडं जास्त कॉर्टिसॉल सोडणारी गाठ. अशा लोकांत मणक्यांचे फ्रॅक्चर जास्त आढळतात. दीर्घकाळ नैराश्य असलेल्यांत हाडांची घनता कमी आढळल्याचे अभ्यास आहेत, पण तिथे हालचाल, जेवण, झोप, औषधं असं सगळं एकत्र असतं. खापर एकट्या कॉर्टिसॉलवर फोडता येत नाही.

ताणाची दुसरी वाटही आहे. नॉरॲड्रिनलिन ऑस्टिओब्लास्टवरच्या बीटा-२ ग्राहींना मिळालं की बांधणी मंदावते आणि रँकेल वाढतं, हे उंदरांत स्पष्ट दिसलं आहे. म्हणून ‘कॉर्टिसॉल उतरवणाऱ्या’ पावडरींनी हाडं मजबूत होतील, या जाहिरातींवर पैसे घालवू नयेत.

गोळी चालू असेल तर

ब्रिटनमधल्या सुमारे २ लाख ४४ हजार स्टिरॉइड घेणाऱ्यांच्या नोंदींवरचा २००० सालचा अभ्यास आजही आधार मानला जातो. त्यात मणक्याच्या फ्रॅक्चरचा धोका रोज २.५ मिलिग्रॅमपेक्षा कमी प्रेडनिसोलोनवर १.५५ पट, २.५ ते ७.५ मिलिग्रॅमवर २.५९ पट आणि त्याहून जास्त डोसवर ५.१८ पट आढळला. धोका पहिल्या तीन ते सहा महिन्यांतच चढतो. ‘वर्षभराने स्कॅन करू’ हे उशिराचं शहाणपण.

रोज २.५ मिलिग्रॅम किंवा जास्त प्रेडनिसोलोन तीन महिन्यांहून अधिक चालणार असेल, तर सुरुवातीलाच डॉक्टरांशी हाडांबद्दल बोला. कॅल्शियम आहारासह दिवसाला १००० ते १२०० मिलिग्रॅम आणि जीवनसत्त्व ड ६०० ते ८०० युनिट हा पाया झाला. तो लागतोच, पण मध्यम किंवा जास्त धोका असलेल्यांना तेवढं पुरत नाही. चाळिशीपुढे फ्रॅक्स, म्हणजे फ्रॅक्चरच्या धोक्याचा अंदाज, काढताना एक बारकावा: ‘स्टिरॉइड घेता का’ या प्रश्नात ते मध्यम डोस गृहीत धरतं. ७.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त घेत असाल तर खुब्याचा आकडा १.२ ने आणि मोठ्या फ्रॅक्चरचा १.१५ ने गुणतात.

ॲलेन्ड्रोनेटसारखी औषधं खणणाऱ्या पेशी थांबवतात. आठवड्याची ७० मिलिग्रॅमची गोळी सकाळी उपाशीपोटी पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढचा अर्धा तास आडवं व्हायचं नाही, खायचं नाही. चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतली तर ती जवळपास शोषलीच जात नाही; औषध ‘लागू पडत नाही’ म्हणून येणाऱ्यांत हे कारण आधी शोधावं. टेरिपॅराटाइडचं रोजचं इंजेक्शन मात्र बांधणाऱ्या पेशींनाच पुन्हा कामाला लावतं, त्यांचं मरण लांबवतं. २००७ मध्ये स्टिरॉइड घेणाऱ्या रुग्णांत दोघांची थेट तुलना झाली तेव्हा मणक्याची घनता टेरिपॅराटाइडने जास्त वाढली आणि मणक्याचे नवे फ्रॅक्चर कमी झाले. बिघाड कुठे आहे हे पाहिलं तर यात नवल नाही. महाग आहे, म्हणून ते जास्त धोका असलेल्यांसाठी राखलं जातं.

खुब्याच्या चेंडूचा रक्तपुरवठा तुटून तो भाग मरणं हा वेगळा आजार. कोविडनंतर २०२१ मध्ये मुंबईतून असे रुग्ण नोंदवले गेले, त्यांना उपचारात स्टिरॉइड मिळालेलं होतं. स्टिरॉइड घेतलेल्या माणसाला जांघेत नवीन दुखणं सुरू झालं आणि साधा एक्स-रे ठीक आला, तर एमआरआयबद्दल विचारावं. सुरुवातीच्या टप्प्यात एक्स-रे बहुधा ठीकच येतो.

सांधेदुखीवरच्या बिननावाच्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडल्याच्या घटना देशात वारंवार उघड झाल्या आहेत. दोन दिवसांत ‘जादू’ झाली, भूक वाढली आणि चेहरा गोल व्हायला लागला, तर संशय घ्या. पण अशी पुडी किंवा डॉक्टरांनी दिलेली गोळी, काही आठवडे घेतलेली असेल तर एकदम बंद करू नका. बाहेरून स्टिरॉइड मिळत असताना स्वतःच्या ॲड्रिनल ग्रंथी झोपलेल्या असतात. अचानक थांबवलं तर रक्तदाब कोसळू शकतो. डोस डॉक्टरांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने उतरवावा लागतो.

थांबवल्यावर फ्रॅक्चरचा धोका साधारण वर्षभरात बराच खाली येतो. पी-१-एनपी नावाच्या रक्ततपासणीत कोलॅजनची बांधणी परत सुरू झालेली दिसते, स्कॅनमध्ये फरक पडायच्या कितीतरी आधी. जाळीतल्या ज्या काड्या पूर्ण तुटून नाहीशा झाल्या त्या मात्र परत येत नाहीत, कारण नवं हाड घालायला ऑस्टिओब्लास्टला जुन्या हाडाचा पृष्ठभाग लागतो.